सहा आकड्यांची संमती

गुरुवार, १२ फेब्रुवारी. रत्नागिरी.

आज भाभीशी खोटं बोलले. का? खरं सांगून दोन वाक्यांत संपलं असतं.

भाभीची मुलगी सना बारा वर्षांची. भाई जहाजावर गेल्यापासून ती फोनमधल्या एआय मैत्रिणीशीच बोलते, आईशी नाही. भाभी म्हणाली, "पोर कशाला रडते ते त्या यंत्राला ठाऊक, मला नाही. तू इंजिनियर ना गो? पोरांसाठी सरकारचा काही कायदाच नाही?"

"आहे. आईबापांची संमती लागते."

"मग मला कुणी विचारलं?"

विचारलं होतं. मागच्या सुट्टीत भाभी बांगडे साफ करत होती. तिच्या फोनवर संमतीच्या ओटीपीचे सहा आकडे आले, सनाने तोच फोन माझ्यापुढे धरला. मी आकडे टाकले आणि 'मी पालक आहे' यावर खूण केली. मजकूर वाचला नाही. नोकरीत असलेच मजकूर मी लिहिते. ते कुणी वाचत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. सहा आकडे, फार तर चार सेकंद.

"चुकून झालं असेल," मी म्हणाले.

भाभी ओशाळली. "मीच कायतरी दाबलं असणार. मला कुठे कळतंय त्यातलं."

आणि मी तिला तसंच समजू दिलं.