टेकडीवरची वाकडी भिंत

प्रिय तिलक,

फोनवर बोलायला गेलं की तू "बाई, नंतर करतो" म्हणून सुटतोस, म्हणून मोठ्या बहिणीने हा कागद हाती घेतला. कामठ्यात सगळं ठीक आहे. धान कापून झालं, आता चुरणीची घाई आहे, आणि तुझे भाऊजी कंबरेला पट्टा बांधून खळ्यावर उभे असतात. जेवताना मात्र रोज एकच विषय. "सही देऊन टाक ना, कायले भावाला अडवून राहिली?" मी वरण वाढत राहते.

तुझ्या घराचं मला कौतुक आहे, हे आधी सांगते. नागपुरात लोकांची घरं बांधलीस, आता स्वतःचं बांधतो आहेस आणि तेही बाबूजींच्या टेकडीवर. छताचं पाणी जमिनीत मुरणार, विटा राखेच्या, दिवे उन्हावर चालणार. मोनाली याला हिरवं घर म्हणते. नकाशात तर ते पांढरंच दिसलं, पण वहिनीसमोर कोण बोलेल! टेकडीचा उतार कापायचा तर नगरपंचायतीला किती गोष्टी सांगाव्या लागतात, हे मला तुझ्यामुळे कळलं. माती किती निघेल, कुठे टाकणार, पावसाचं पाणी खालच्या धानाच्या बांध्यांत कसं उतरेल, कोणती झाडं राखणार, माती धरणारी भिंत कुठून जाणार. आणि सातबाऱ्यावर ज्यांची नावं, त्या सगळ्यांची संमती. बाबूजी गेल्यापासून तिथे तुझ्यासोबत माझंही नाव आहे. बाकी सगळं जुळलं, एकट्या माझ्या सहीवाचून परवानगी अडली. मला, भूमेश्वरीला, हिस्सा पाहिजे, असं लोक म्हणतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण तू एकदाही विचारलं नाहीस, "बाई, काऊन?" त्याचं मला वाईट वाटलं.

आता सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी तेव्हा आपल्याच घरी होते. मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. बाबूजींनी तिला माझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, तू कुदळ घेतलीस आणि मागच्या दाराने तुम्ही दोघं टेकडीकडे गेलात. माझं दूध थांबत नव्हतं. जागा कोणती, ते मायने मला सांगू दिलं नाही. आईची नजर तिथे लागली तर पुन्हा कूस उजवत नाही, म्हणाली. मी ऐकलं. कूस काही उजवली नाही आणि जागाही कळली नाही.

बाबूजी गेले, मग माय गेली. आता ती जागा तुला एकट्याला ठाऊक. तुला विचारायला कितीदा तोंड उघडलं आणि दुसरंच काही बोलले. मग तू म्हणालास, मशीन लावून उतार कापणार. मशीनला काय कळतं रे? टेकडीची माती ट्रकमध्ये भरून कुठल्या तरी रस्त्याखाली जाणार, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर येत होतं. माझी सही तिथे अडली होती, हिश्श्यावर नाही.

मागच्या आठवड्यात नगरपंचायतीचे साहेब जागा पाहायला आले, तेव्हा मलाही बोलावलं होतं. मी मोहाच्या झाडाखाली बसून पाहत होते. मजूर चुन्याची रेघ सरळ खाली आणत होता आणि तू मध्येच त्याला थांबवलंस. साहेब म्हणाले, "भाऊ, इथं ना झाड, ना खडक. भिंत सीधी घ्या ना, कायले वाकडी करून राहिले? खर्चा वाढेल." तू म्हणालास, "वाढू द्या. इथून वळवा." आवाज असा चढला की मजुराच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. मग सगळे त्या तुकड्यावरून चालत खाली उतरले. तू एकटा वळसा घालून गेलास.

मला कळलं, तिलक. मी झाडाखाली बसूनच राहिले; तुला वाटलं, बाईचे गुडघे धरले म्हणून ती उठत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पोटभर रडले. रडायलाही जागा लागते रे. आणि तुझ्यासाठीही रडले. बारावीतलं पोर होतास तू. कुदळ धुऊन ठेवलीस आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलास. तुला काय झालं, हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही.

संमतीपत्रावर सही करून ते यासोबत ठेवलं आहे. घर बांध, वास्तूला मी येईन, मोनालीच्या हातचं जेवेन. फक्त पुढे कोणी खर्च वाचवायला सांगितलं तरी भिंत सरळ करू नकोस. परवानगीसाठी जी झाडं लावायची आहेत, ती दुसरीकडे लाव; तिथे खड्डा खणू नकोस. उतरायला एक-दोन पायऱ्या ठेव, म्हणजे मला जाऊन बसता येईल. आणि बाईने हिस्सा घेतला का, असं कोणी विचारलं तर घेतला म्हणून सांग. भिंतीच्या वळणात राहिला आहे, तेवढा माझा.

तुझीच,
बाई