‘मी’ खोडलेली नोंद

सर,

काल मुलुंडला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर, एका उपग्रहाचा संकेत पकडला आणि वहीत ‘मी ऐकला’ असे लिहिताना हात अडखळला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली, तरी अडखळला. मला याचाच संताप येतो.

दहावीचे वर्ष. शाळेच्या गच्चीवरचे आपले हॅम रेडिओ मंडळ, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांचे मंडळ: तुम्ही, मी आणि पोलादी मोजपट्टीचे तुकडे पाइपवर बसवून केलेला अँटेना. परदेशी विद्यार्थ्यांनी बनवलेला एक चिमुकला उपग्रह डोक्यावर यायला दहा मिनिटे उरली असताना शिपाईकाका वर आले; संस्थेचे पाहुणे चहासाठी तुमची वाट पाहत होते. तुम्ही गेलात. एका हाताने अँटेना आकाशात फिरवत, दुसऱ्याने घसरणारा सूर रेडिओच्या बटणावर सावरत, मी मोर्सचे ठिपके आणि रेघा मनात जुळवत गेले. उपग्रहाचे नाव पूर्ण झाले तेव्हा गच्चीवर दुसरे कोणीही नव्हते.

“आलं का गं काही?” परत येऊन तुम्ही विचारलेत. मी वही पुढे केली. लाल पेनाने तुम्ही पहिलाच शब्द खोडलात. “शास्त्राच्या नोंदीत ‘मी’ नसतो गं. ‘संकेत ऐकू आला’ असं लिही. कोणी ऐकला, याला काय महत्त्व?” मला ते किती थोर वाटले होते.

तीच नोंद तुम्ही इंग्रजीत करून उपग्रह बनवणाऱ्यांना परदेशी पाठवलीत. वाटेत तिला कर्ता मिळाला: तुम्ही. पोचपावतीचे कार्ड तुमच्या नावाने आले. प्रार्थनेच्या वेळी ते उंचावून तुम्ही म्हणालात, “मी गच्चीवर उभा होतो...” आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवून, “नोंद हिने लिहिली. अक्षर बघा, मोत्यासारखं.”

मैत्रिणीने कोपर मारले. “अगं, सर तर खाली समोसे खात होते ना? बोल ना यार.” मी टाळ्या वाजवल्या.

रेडिओचा परवाना तुमच्या नावाचा होता, कबूल. पण कान माझे होते. तुम्ही सरळ चोरी केली असतीत तर मी कधीच विसरले असते. तुम्ही मला आधी नम्रता शिकवलीत आणि मग तिचा फायदा घेतलात.

हे पत्र वहीतच राहील. कारण तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभे केले, तेव्हा तुमच्या पत्नी पहिल्या रांगेत ते कार्ड मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणी सांगितले नसताना मी म्हणाले, “त्या दिवशी गच्चीवर सर एकटेच होते.”