देवगांडुळाची मादी अंड्यांसह हलवण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अधिकारी,
वनपरवाना कार्यालय, दुसरा मजला.

विषय : देवगांडुळाची एक मादी सोमवारपूर्वी अंड्यांसह हलवण्यासाठी खुरपे वापरण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवर आपल्याकडून न आलेली तीन लेखी उत्तरे.

महोदय,

१. डोंगरावरच्या जंगलात बेडूक, साप, पाली शोधून त्यांची नोंद करण्याचे काम मी गेली एकोणीस वर्षे करत आहे. ओढ्यालगतच्या उतारावर हाताने माती सारली तेव्हा, वीतभर खाली, देवगांडुळाची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मला आढळली. हा प्राणी बेडकाच्या नात्यातला, पण त्याला पाय नाहीत. या उणिवेपायी आपल्या कार्यालयात त्याची फार परवड झाली. बेडकांच्या टेबलावरील बाई म्हणाल्या, "पाय नाहीत ना? मग सापांकडे जा." सापांचे साहेब फोटो पाहून म्हणाले, "अहो ताई, हे तर साधं गांडूळ. शेतीखात्यात विचारा." शेतीखात्याने जंगलातले गांडूळ आपले नव्हे म्हणून मला पुन्हा आपल्याच जिन्यापाशी आणून सोडले.

२. खुरप्याने मातीची हानी होते, सबब निरीक्षण वीस फुटांवरून व हात न लावता करावे, असे मला तोंडी सांगण्यात आले. त्यानुसार आपल्या त्रिसदस्यीय समितीने स्वच्छ बुटांनी पायवाटेवर उभे राहून पाहणी केली आणि 'प्राणी आढळला नाही' असा दाखला दिला. साक्षात समिती दारात आलेली असताना हा प्राणी मातीतून वर आला नाही, हा त्याचा उद्धटपणाच. त्याच्या वतीने मी दिलगिरी व्यक्त करते.

३. त्या दाखल्याच्या बळावर सोमवारी सकाळी आठ वाजता तेथे जेसीबी येत आहे. त्या जागी उभयचर प्राण्यांचे माहिती केंद्र व त्याचा वाहनतळ होणार, हे वाचून ऊर भरून आला. खुरप्याने हानी होते आणि जेसीबीने होत नाही, हे शास्त्र मात्र माझ्या अभ्यासक्रमात नव्हते.

४. आता थट्टा पुरे. ही मादी अंडी सोडून सहसा जात नाही. यंत्राची घरघर जवळ आली तरी ती तिथेच बसून राहील, या विचाराने मला अन्न गोड लागत नाही. मला फक्त दोन तास हवेत. माझे धाकटे दीर रोपवाटिकेत कामाला आहेत. मातीचा गड्डा न फोडता रोप उचलण्यात त्यांचा हात बसलेला आहे. आम्ही दोघे तो गड्डा तसाच उचलून ओढ्यापलीकडे ठेवू.

५. परवानगी न मिळाल्यास सोमवारी सकाळी सहा वाजता मी विनापरवाना खोदणार आहे, हे आदरपूर्वक कळवते. आपण माझ्यावर गुन्हा जरूर दाखल करावा. फक्त मी काय हलवले ते पंचनाम्यात लिहावे लागेल : देवगांडूळ, मादी, एक, अंडी, सव्वीस. ते एकदा आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहून झाले, की पुढची शिक्षा मी आनंदाने भोगीन.

आपली नम्र, आणि सोमवारी जागेवरच सापडेल अशी,
(सही)
सर्वेक्षक, उभयचर व सरपटणारे प्राणी
दिनांक : १२ जून, शुक्रवार

सोबत : अंड्यांसह मादीची दोन छायाचित्रे.