डोळे तपासायचा नवा तक्ता

३ मार्च
फॉण्ट पूर्ण. साडेपाच वर्षं. नाव 'तलम'. उभ्या रेषा दणकट, आडव्या केसाएवढ्या, टोकं नखासारखी नाजूक. नऊ प्रकाशकांचा नकार आला. नववा म्हणतो, छोट्या आकारात बारीक रेषा गायब होतात. माझ्या स्क्रीनवर होत नाहीत. मी आठपट मोठं करून बघतो. त्याला नजर हवी.

५ मार्च
एकदा कुठेतरी वापरला गेला की जग रांग लावेल. बायको पाच दिवस परिषदेला गेलीय. तिच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता बघवत नाही. अक्षरं कसली, विटा रचल्यात. ती येईपर्यंत सरप्राइज तयार.

६ मार्च, सकाळी ८
तक्ता लावला. छापखानेवाला कुरकुरत होता, खालच्या ओळी उठत नाहीत म्हणून. त्याला म्हटलं, तू छाप. बायकोच्या जागी पेशंट बघणाऱ्या धाकट्या डॉक्टरबाईंनी विचारलं, मॅडमना माहीत आहे ना? हो म्हटलं. आल्यावर होईलच माहीत.

६ मार्च, संध्याकाळी
अपूर्व! लोक एकेका अक्षराकडे मिनिटभर बघतात. एका रिटायर्ड मास्तरांनी तिसरी ओळ 'काना, काना, काना' एवढीच वाचली. जन्मभर शिकवून ही तयारी. बाईंनी नंबर वाढवला.

८ मार्च
खालचा चष्मेवाला वर येऊन माझा हात हातात घेऊन गेला. दोन दिवसांत सत्तावीस चष्मे. तक्ता काढू नका म्हणाला. अखेर एक रसिक भेटला.

९ मार्च
मास्तर नव्या चष्म्यासह परत. डोकं दुखतं, पायऱ्या अंगावर येतात म्हणे. बाईंनी पुन्हा तपासलं. पुन्हा काना. नंबर अजून वाढवला. चांगल्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो.

१० मार्च
बायको आली. मास्तर बाहेर भिंत धरून बसलेले. तिने त्यांचा चष्मा काढला, जुना तक्ता लावला. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं त्यांनी. मग ती माझ्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, बघतेय.
म्हणाली, "डोळे चालले असं वाटलं त्यांना. घरी सांगितलंसुद्धा नाही. चार दिवस एकटेच रडतायत."
मी अक्षरांमधल्या अंतराबद्दल बोलणार होतो. त्याऐवजी मास्तरांना पाणी नेऊन दिलं.

११ मार्च
सगळ्या पेशंटना परत बोलवायचंय. दारावर सूचना लागेल. मी म्हटलं, 'तलम'मध्ये करून देतो, ठळक प्रकारही आहे. बायको पेशंटची यादी काढत बसली. विचार करत असावी.

१२ मार्च
सूचना लागली. तिनेच मार्करने लिहिलीय, घाईघाईत, वाकडीतिकडी. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. 'तुमचे डोळे चांगले आहेत. तक्ता चुकीचा होता.'
लोक चालता चालता वाचत होते. मीही वाचलं. पहिल्या फटक्यात.