दोनशे लिटर गरम पाणी

४ जानेवारी, सकाळी
ही बहिणीकडे गेली. हवापालट. चार-आठ दिवसांत येईल. बॅग जरा मोठी होती, पण बायकांच्या बॅगा मोठ्याच असतात.

कारण उघड आहे. घरातला हीट पंप पाणी नीट तापवत नाही. मी स्वतः बसवलेला. दोनशे लिटरची टाकी, तिच्या डोक्यावर पंप, फिटिंग अगदी शोरूममध्ये ठेवावं असं. गावभर लोकांच्या घरी गरम पाणी पोचवणारा माणूस, आणि त्याचीच बायको गार पाण्यानं तोंड धुते, हे बरं दिसत नाही. रागावली असणार, साहजिक आहे.

संकल्प: रविवारपर्यंत पाणी साठ अंशांवर. मग फोन. मग ही परत.

पूर्वी ही शेगडीवर पाणी तापवायची, बादलीत विसणायची आणि हाक मारायची, अहो, पाणी काढलंय. रोज. पंप बसवला त्या दिवशी मी तिला समजावून सांगितलं, आता हाका मारायची कटकट संपली, नळ सोडला की गरम पाणी. ती काहीच बोलली नाही. फार आनंद झाला की माणूस गप्प होतो.

५ जानेवारी
पंपाची पाहणी. जागा: स्वयंपाकघरामागची छोटी खोली. तिथे हिचं शिवणकाम चालायचं, म्हणजे खोली तशी रिकामीच होती. एक शिलाई मशीन, एक स्टूल, कापडाची गाठोडी आणि दिवसभर ही. एवढंच. मशीन मी नीट उचलून पॅसेजमध्ये ठेवलं. त्यावर माझे पाने-पक्कड ठेवायची छान सोय झाली आहे.

खोली गारठलेली. पंपावर बर्फ. डिस्प्लेवर एरर. गॅस तपासला, ठीक. पंखा ठीक. कंप्रेसर ठीक. म्हणजे दोष कंपनीचा. कंपनीला कडक शब्दांत सुनावायचं. उद्या.

जेवण: कालचा भात. चव तशी बरी होती.

७ जानेवारी
कंपनीला फोन राहिला. धावपळ.

एका रिटायर्ड बाईंकडे तक्रार होती, पाणी कोमट येतं. गेलो तर काय, बाईंनी पंपाला सुतार लावून कपाट करून घेतलेलं, का, तर पाहुण्यांना दिसू नये. मी तिथल्या तिथे क्लासच घेतला. म्हटलं, बाई, हा पंप ऊब तयार करत नाही, भोवतालच्या हवेतली घेतो आणि पाण्याला देतो. कोंडून ठेवलात तर खोलीतली सगळी ऊब ओढून घेईल, मग त्याच्याकडे देण्यासारखं काही उरणार नाही. बाई म्हणाल्या, आमचे हे अगदी असेच होते. मी हसलो. बायकांना दुसऱ्याचा नवरा चटकन कळतो.

कपाटाची दारं काढली. बाईंनी चहा दिला आणि विचारलं, तुमच्या घरी पंप आहे का? म्हटलं, अर्थात. मिसेस खूश असतील, म्हणाल्या. म्हटलं, प्रश्नच नाही.

घरी आल्यावर दोन स्वेटर घालून बसलो. छोट्या खोलीतला गारवा आता स्वयंपाकघरापर्यंत येतो. हवामान बदललंय हेच खरं.

९ जानेवारी, दुपारी
हिचा फोन नाही. रेंज नसेल. बहिणीचं घर टॉवरच्या खालीच आहे, पण टॉवरखाली कधी कधी रेंज नसते.

नव्या गिऱ्हाइकाकडे टाकीचं माप सांगून आलो. माझा पहिला प्रश्न ठरलेला: घरात माणसं किती? माणसं मोजल्याशिवाय टाकी सांगणारा मेकॅनिक म्हणजे नाडी न बघता गोळी देणारा डॉक्टर. पाच जण म्हणाले. बायको, आई, दोन पोरं, सगळे पंप बघायला दारात उभे. मी निघेपर्यंत सगळे एकाच वेळी बोलत होते. डोकं उठलं. तरी अर्धा तास जास्तच थांबलो, का ते आठवत नाही.

घरी करमत नाही. म्हणजे काम फार आहे, म्हणून.

१० जानेवारी
समोरच्या बिल्डिंगमधल्या ताई आल्या. हिच्याकडे पडदे शिवायला टाकले होते म्हणे. कधी देणार? मी म्हटलं, शोधतो. गाठोडी सापडेनात. मग आठवलं. पंपाच्या घरघरीवरून वरच्या मजल्यावरचे काका ओरडले होते, तेव्हा मी खोलीची खिडकी लावून फटींत कापड कोंबलं होतं, दाराखालीही. तेच पडदे. ओढून काढले. ओले, कुबट. ताईंनी ते दोन बोटांत धरले आणि विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, दोन-तीन दिवसांत. म्हणाल्या, मग त्यांच्याशीच बोलते.

बायकांना कपड्यांचं फार.

११ जानेवारी, रविवार
पाणी साठ अंश! एरर गेला, बर्फ गेला. काल रात्रीपासून खिडकी उघडी राहिली होती, तो योगायोग. खरं कारण म्हणजे माझी चिकाटी. कंपनीला माफ केलं.

लगेच हिला फोन केला. उचलला! रेंज आली तर. म्हटलं, पाणी गरम झालं, अगदी कढत. ती म्हणाली, बरं झालं, आंघोळ करा. मग विचारलं, आणि खोली? म्हटलं, एकदम फर्स्ट क्लास, गारवा पार गेला. ती म्हणाली, बुधवारी येते.

बुधवारी येते! प्रयत्नांती परमेश्वर.

संकल्प: घर झाडणे. भांडी. मशीनवरची हत्यारं हलवणे. ती आली की आधी काही बोलायचं नाही, नळ सोडून दाखवायचा.

१४ जानेवारी, बुधवार
सकाळपासून दाढी करून बसलो. दुपारी खाली टेम्पोचा हॉर्न. हिचा भावजी, म्हणजे माझा साडू, पुढे उतरला. मागून ही. तब्येत सुधारलीये. चेहऱ्यावर ऊन लागल्यासारखं दिसत होतं.

शिलाई मशीन न्यायला आले होते.

बहिणीच्या घरी वरची खोली मिळाली आहे म्हणे, दोन खिडक्यांची. कामं पुष्कळ येतात. साडू खाली बघत होता. मी नळ सोडून दाखवला. वाफ आली. तिनं हात खाली धरला, म्हणाली, छान आहे. मग पदराला हात पुसला आणि छोट्या खोलीच्या दारात जरा उभी राहिली. म्हणाली, तुम्ही मला आधी विचारायला हवं होतं, मी एवढंच म्हणत होते, अहो. मी म्हटलं, टाकी दुसरीकडे मावली नसती. ते खरंही आहे.

मशीन मीच खाली नेलं. मशीन कसं उचलायचं ते साडूला कळत नाही. टेम्पोत दोरी बांधली, गचके बसू नयेत म्हणून खाली माझा एक स्वेटर घातला. परत पाठव म्हणालो. ती हो म्हणाली. म्हणजे येणं-जाणं राहणार.

१६ जानेवारी
पॅसेज मोकळा. छोटी खोली मोकळी. हवा खेळती. पंप इतका उत्तम कधीच चालला नव्हता.

एका माणसाचा फोन आला, हीट पंप बसवायचाय. घरात माणसं किती? म्हणाला, मी एकटाच. मी प्रामाणिकपणे सांगितलं, मग नका घालू पैसे, एकट्याला एवढी टाकी कशाला? पाणी तापत राहील, गार होत राहील. त्यानं विचारलं, तुमच्याकडे किती लिटरची आहे? मी म्हटलं, आवाज कटतोय. आणि फोन ठेवला.

१७ जानेवारी, सकाळी
पाणी साठ अंश. बादली भरली, विसणली, आणि बाथरूमच्या दारातून मोठ्यानं म्हणालो, अहो, पाणी काढलंय.

जरा वेळ थांबलो. मग मीच गेलो.