कर्णा जोडायच्या आधी

आप्पा, तुमचं मशीन आज दुपारी वाजलं. सांगायचं आहे ते एवढंच नाही. पण तिथून घरी आल्यापासून तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा उठून वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले, म्हणून आता सुरुवात इथूनच करते. जुने अँप्लिफायर आणि कर्णे गोळा करणारा एक दुरुस्तीवाला शाहूपुरीत आहे. त्याला पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रदर्शन भरवायचंय, म्हणून महिन्यापूर्वी तो आपला अँप्लिफायर माळ्यावरून घेऊन गेला. तुम्ही गुंडाळलेलं घोंगडं तसंच होतं.

आधी कर्णा, मग वीज, हा तुमचा नियम. वाल्वचं मशीन कर्णा न जोडता चालवलं की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. मलकापूरच्या कुस्त्यांना पैलवान शड्डू ठोकून उभे असायचे, पंच हातवारे करायचे, आणि तुम्ही वायरीची दोन्ही टोकं बोटांनी ओढून बघत बसलेले. मग बटण, मग वाल्व लाल होईपर्यंत थांबणं. कुणी घाई केली की म्हणायचात, "त्याला जागं तर हुदे की." मला तुमचा हा संथपणा मुळीच सहन व्हायचा नाही. माझा हात आधी चालतो आणि डोकं मागनं येतं, असं आई अजून म्हणते, आणि ते खरं आहे.

शाळेत नोकरीला लागून मला दुसरं वर्ष होतं. स्नेहसंमेलनाला कुणाचा साउंड लावायचा यावर चर्चा चालली होती, तेव्हा मीच हट्टानं तुमचं नाव पुढं केलं. त्या दिवशी मुलांवर ओरडून माझा घसा बसला होता. तुम्ही कर्णा कडुनिंबाला बांधून खाली उतरलात, माझा आवाज ऐकलात, आणि कर्ण्याची वायर तशीच वेटोळ्यात ठेवून माझ्यासाठी आल्याचा चहा आणायला गेलात. एवढ्यात पाहुणे फाटकाशी आले. मुख्याध्यापक लांबूनच खुणा करायला लागले. मी म्हटलं, तापायला वेळ लागतो, तेवढं लावून ठेवू. बटण दाबलं, थोडं थांबले, माईकमध्ये हॅलो म्हटलं. आवाज नाही. आवाजाचं बटण आणखी फिरवलं, पार शेवटपर्यंत, आणि हॅलो हॅलो करत राहिले. करपल्याचा वास आला तेव्हा मला ती वेटोळी दिसली. मी मशीन बंद केलं आणि दोन पावलं मागं सरकले.

तुम्ही चहाचा ग्लास माझ्या हातात दिलात, वायर जोडलीत, टोकं ओढून बघितलीत, बटण दाबलंत. कर्णा मुका. मशीनजवळ नाक नेलंत आणि बराच वेळ तसेच वाकून राहिलात. मग विचारलंत, "सकाळी घरी लावून बघितलं, तवा कर्णा जोडला हुता न्हवं?" मी बोलू शकले असते. मी म्हणाले, मला काय ठाऊक. "इसरलो आसंन," तुम्ही म्हणालात. आणि तो चहा मी प्याले, आप्पा, अगदी तळापर्यंत.

शिरोळच्या लग्नाची सुपारी तुम्ही दुसऱ्याला दिलीत. त्यानंतर कुठलंच काम घेतलं नाहीत. गॅस बंद केला का म्हणून दोनदा बघायचात, कुलूप ओढून बघायला गल्लीच्या तोंडापासून माघारी यायचात. आई तुमच्या मागं मागं असायची. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. काही झालेलं नव्हतंच. ते मला नऊ वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, रोज माहीत होतं.

गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाल्यानं ट्रान्सफॉर्मर उघडला आणि म्हणाला, "ताई, हे बिनकर्ण्याचं चालवलंय की कुणीतरी." माझ्या तोंडून पटकन गेलं, वडील विसराळू झाले होते शेवटी. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. नवीन वाइंडिंग झाल्यावर आज त्यानं बोलावलं. तो स्क्रू आवळत होता, तेवढ्यात मी सांगून टाकलं, की ते मी चालवलं होतं, वडिलांनी नाही. त्यानं वर बघितलं. "बरं झालं सांगितलासा," म्हणाला, आणि मशीनशेजारच्या पाटीवर काय लिहू म्हणून विचारलं. मी लिहून दिलं, की या माणसानं कर्णा जोडल्याशिवाय मशीन कधीच लावलं नाही. मग वायरीची टोकं दोनदा ओढून बघितली, बटण दाबलं, आणि वाल्व लाल होईपर्यंत हात मागं बांधून उभी राहिले.

वाटलं होतं, घरी येईन ती मोकळी होऊनच. पण स्वयंपाकघरात आई आहे. गॅस बंद करताना ती अजून म्हणते, ह्यांचं डोकंच शेवटी चालंना झालं. महिन्याभराच्या ओळखीच्या माणसाला मी सांगू शकले, आणि तिला नाही. आत्ताच तिनं आतून विचारलं, "मघाधरनं काय लिहितीयास गं एवढं?" किराण्याची यादी, म्हटलं.