तुझी भिंत फोडली, दादा

प्रिय दादा,

बिजलीसाठी तू बांधलेली भिंत आज आम्ही फोडली. गावातलं कुणी तुझ्यापर्यंत चुगली पोचवण्याआधी मीच कळवते. लिहायला वेळही आहे. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेलेत. संध्याकाळपर्यंत बिजलीचा श्वास खाली आला तर ठीक, नाही आला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तबेल्याच्या दारात स्टुलावर बसून घोडीच्या कुशीकडे बघते आहे. कूस अजून भात्यासारखी हलते आहे.

भाता ही उपमा माझी नव्हे. परवाच्या वरातीत नवरदेव पाठीवर, लगाम वहिनीच्या हातात, समोर फटाक्यांचा धूर, आणि आपली बिजली चौकात थांबली ती हलेचना. नाकपुड्या फुगलेल्या, मान लांब केलेली. नवरदेवाला उतरून चालत जावं लागलं. त्याची आत्या ओरडली, "घोडी हाये का लोहाराचा भाता?" इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवते, उपमा नेमकी होती हे मान्य करावंच लागलं.

खोकला तर तू असतानाच होता ना रे? वैरण तोंडात घेतली की खोकायची. तू म्हणायचास, "घास अडकला असंन." रोज अडकणारा घास कसला!

आज डॉक्टरांनी आधी घोडी तपासली, मग तबेला. वहिनीला म्हणाले, "ताई, तिच्या तोंडाशी जरा खाली बसा." वहिनी बसली आणि पदर नाकाला लावून लगेच उठली.

"बाप्पा! मुताचा वास डोळ्यात घुसून राह्यला."

"ती रात्रंदिवस यातच असते," डॉक्टर म्हणाले.

खाली अंथरलेली धानाची तणस ओली होऊन बुरसलेली, तिची धूळ, हा वास, वर डासांसाठी तू सुरू केलेली रोजची कडुलिंबाची धुरी. आणि यातल्या कशालाच बाहेर जायला वाट नाही. माणसाच्या दम्यासारखंच दुखणं आहे म्हणे. औषधानं आज उतार पडेल, पण हवा नाही मिळाली तर पुन्हा तेच.

वाट नाही, कारण ती तू बुजवलीस. शेजारचा गोऱ्हा बिबट्यानं उचलला आणि दुसऱ्याच दिवशी तू विटा घेऊन आलास. थेट छपरापर्यंत! झरोकासुद्धा नाही. मी विचारलं होतं, "दादा, हा तबेला आहे की गर्भगृह?" तू हसलास. "शके, तुया संस्कृतात घोड्याले लय नावं असतीन. बिबट्याले फक्त भोक लागते."

त्याच बिबट्याची भीती आज वहिनीनं मला ऐकवली. "नाई फोडायची भिंत. त्याईच्या हातची शेवटची निशानी हाये. अन् बिबट आला तं? तुमी शाळेत जासान बाई, घोडी कोन राखंन?"

बिबट्या काल्पनिक नाही. तळ्याच्या पाळीवर त्याचे ठसे आहेत. बंद ठेवली तर घोडी गुदमरणार, उघडी ठेवली तर तो नेणार. तूच सांग, यातलं तू काय निवडलं असतंस?

तेवढ्यात बिजली खोकली. खोकता खोकता पुढचे पाय फाकवून उभी राहिली आणि तोंड त्या भिंतीला लावलं. वहिनी बघत राहिली. मग लोखंडी सब्बल घेऊन आली. घोडी बाहेर कडुलिंबाखाली बांधली आणि पहिला घाव तिनंच घातला. वीट हलेना.

"एक तं कच्ची ठेवायची होती जी!" ती भिंतीला म्हणाली. तुला म्हणाली. मग मात्र रडली, सब्बल न थांबवता.

आता दोन्ही बाजूंना, घोडीच्या डोक्याच्या वर, मोठे झरोके झालेत. बुरसलेली तणस बाहेर गेली, वैरण पाण्यात भिजवून ठेवली आहे. धुरी वहिनीनं सोडली नाही. ती आता अंगणाच्या पलीकडे, वारा धूर दूर नेईल अशा जागी पेटेल. वेल्डर लोखंडी जाळी उद्या देणार. म्हणून वहिनी आत्ता झरोक्यांत बांबू आणि बाभळीच्या काट्या बांधते आहे, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघते आहे.

थांब. बिजलीनं मान खाली घातली. भिजल्या वैरणीत तोंड घातलं. वहिनीचा हात काट्यांवरच थांबला आहे.

खाल्लं, दादा. चावून गिळलं. खोकली नाही! कूस अजून हलते आहे, पण मघासारखी नाही.

तुला वचन देते. जाळी लागेपर्यंत मी शाळेत जाणार नाही. आज रात्री बत्ती आणि वाजवायला थाळी घेऊन आम्ही दोघी इथंच बसू. बिबट्या आला तर आमच्याशी गाठ आहे. पण तुझ्या विटा आम्ही परत लावणार नाही.

रागावलास तरी तुझीच,
शकू